डीएएन नावाची नंबर प्लेट : जर्मनीच्या एका छोट्या जिल्ह्याची गोष्ट

(एपिसोडचा हा लिखित मजकूर. ऐकताना गावांची नावं नीट कळत नाहीत अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली होती, म्हणून या वेळी नावं जपून लिहिली आहेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

 

सुरुवात एका सवयीपासून करते. आपल्याकडे हायवेवर एमएच १२ दिसली की आपण लगेच म्हणतो, पुण्याची गाडी. एमएच ०९, कोल्हापूर. एमएच ०८, रत्नागिरी, म्हणजे आमच्या आजोळची. माझा मामा तर नंबर बघून ड्रायव्हरच्या स्वभावापर्यंत पोचतो. मी हँबर्गला नोकरीसाठी गेले तेव्हा ही सवय सोबत घेऊन गेले. तिकडेही गाडीच्या पाटीवर सुरुवातीला गावाची किंवा जिल्ह्याची अक्षरं असतात. बी म्हणजे बर्लिन, एम म्हणजे म्युनिक, एचएच म्हणजे हँबर्ग. मी फावल्या वेळात ती पाठ करायचे.

एक दिवस ऑफिसच्या खाली एक मातीने भरलेली जुनी गाडी उभी होती. पाटीवर डीएएन. काच खाली, आत बटाट्याची पोती, आणि मागच्या बंपरवर पिवळ्या रंगाचा एक मोठा एक्स. फुली. मी सहकाऱ्याला विचारलं, हे कुठलं? तो हसला. म्हणाला, "ते? ते वेंडलांड. ती माणसं वेगळी असतात." वेगळी म्हणजे कशी, ते त्याने काही सांगितलं नाही. मग काय, मला जाणं भागच होतं.

तर आज आपण त्या जिल्ह्याबद्दल बोलणार आहोत. नाव जरा लांब आहे: ल्यूशो-डानेनबेर्ग. ल्यूशो आणि डानेनबेर्ग ही दोन गावं, मध्ये जोडरेघ. 'ल्यूशो' जर्मनमध्ये लिहितात तेव्हा शेवटी डब्ल्यू असतो, पण तो उच्चारायचा नसतो. मी पहिल्यांदा स्टेशनवर 'ल्यूचोव' म्हटलं तेव्हा तिकीट देणाऱ्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी 'सदाशिव पेठ' चुकीचं म्हणणाऱ्याकडे पुण्यात पाहिलेली आहे. हा मुका डब्ल्यू लक्षात ठेवा. त्याच्या मागे एक पूर्ण भाषा लपली आहे.

आधी भूगोल पटकन उरकू. जर्मनीत साधारण 400 जिल्हे आहेत. त्यातले 294 ग्रामीण जिल्हे, ज्यांना लांडक्राइस म्हणतात, आणि 106 स्वतंत्र शहरं. आपल्या जिल्हा परिषदेसारखी त्यांची निवडून आलेली जिल्हासभा असते. पण जिल्ह्याचा प्रमुख, लांडराट, हा आपल्या कलेक्टरसारखा वरून नेमलेला अधिकारी नसतो. ल्यूशो-डानेनबेर्ग ज्या राज्यात येतो, त्या लोअर सॅक्सनीमध्ये लांडराट थेट लोक निवडतात. कचरा, बस, शाळेच्या इमारती, बांधकाम परवाने, हे सगळं जिल्ह्याच्या हातात. आता आकडे ऐका. या जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे 1,200 चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून होतात त्याच्या दुप्पट. आणि लोकसंख्या? पन्नास हजारांच्या आत. पन्नास लाख नाही, पन्नास हजार. आपल्याकडे सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा सिंधुदुर्ग, त्याची 2011 च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आसपास लोकसंख्या होती. इथे डोंबिवलीतले दोन-तीन वॉर्ड एकत्र केले की जिल्हा तयार. जर्मनीतला सगळ्यात कमी वस्तीचा ग्रामीण जिल्हा हाच.

जिल्ह्यात पाच छोटी शहरं आहेत. ल्यूशो, डानेनबेर्ग, हिट्झाकर, वुस्ट्रो आणि श्नाकेनबुर्ग. शहर म्हणायचं म्हणून शहर. एकही ऑटोबान, म्हणजे मोठा महामार्ग, जिल्ह्यातून जात नाही. जर्मनीत हे म्हणजे घरात फ्रिज नसल्यासारखं आहे. रेल्वे एकच: लुनेबुर्गहून निघून डानेनबेर्गला संपते. दिवसातून मोजक्याच गाड्या. पश्चिमेला द्राव्हेन नावाच्या टेकड्या, वायव्येला ग्योर्डं नावाचं जंगल, मधून येत्झेल नदी, आणि उत्तर-पूर्व कडेने एल्ब. एल्ब म्हणजे तिथली गोदावरी समजा. रुंद, संथ, आणि पावसाळा नसतानाही अचानक अंगावर येणारी. हिट्झाकरचं जुनं गाव येत्झेल आणि एल्बच्या संगमावर, अक्षरशः बेटावर आहे. 2002 आणि 2006 या दोन्ही वर्षी ते पाण्यात गेलं. मग 2008 मध्ये पूरभिंत बांधून झाली, आणि 2013 च्या मोठ्या पुरात गाव कोरडं राहिलं. मी भिंतीवरून चालले. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला लोकांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या. कोल्हापूर-सांगलीच्या श्रोत्यांना मी आणखी काही सांगायची गरज नाही.

आता इतिहास. मध्ययुगात इथे ल्यूशोचे आणि डानेनबेर्गचे वेगवेगळे काउंट होते, म्हणजे सरदार. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दोघांचीही सत्ता संपून तो प्रदेश लुनेबुर्गच्या ड्यूककडे गेला. डानेनबेर्गमध्ये आजही एक गोल विटांचा बुरूज उभा आहे, वाल्देमार बुरूज. तेराव्या शतकात, 1223 मध्ये, डेन्मार्कचा राजा वाल्देमार दुसरा याला एका काउंटने शिकारीच्या मुक्कामात चक्क पळवून आणलं, आणि डानेनबेर्गच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. एवढ्याशा गावाने एवढा मोठा राजा बांधून ठेवला होता, हे तिथले लोक आजही मजेने सांगतात. पुढे हा भाग हनोव्हरच्या राज्यात गेला, 1866 मध्ये प्रशियाने हनोव्हर गिळलं, आणि 1885 मध्ये प्रशियन पद्धतीने दोन जिल्हे पाडले गेले: ल्यूशो आणि डानेनबेर्ग. 1932 मध्ये काटकसरीसाठी दोन्ही एकत्र केले. नाव फक्त डानेनबेर्गचं राहिलं. ल्यूशोवाले वीस वर्षं कुरकुरले असणार, कारण 1951 मध्ये जोडनाव आलं. कार्यालय ल्यूशोला आणि नंबर प्लेटवर डीएएन, म्हणजे डानेनबेर्ग. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या राजकारणात हे असंच मिटलं असतं.

इथे एक छोटंसं विषयांतर, कारण ते मला सोडवत नाही. ग्योर्डंच्या जंगलात सप्टेंबर 1813 मध्ये नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध एक लढाई झाली. त्यात आउगुस्ट रेन्झ नावाचा एक तरुण सैनिक जखमी झाला. मलमपट्टी करताना कळलं की तो मुलगी आहे. खरं नाव एलेओनोरं प्रोखास्का. पुरुषाच्या वेषात भरती झालेली. पुढच्या महिन्यात डानेनबेर्गमध्ये ती गेली. बस, एवढंच. पुढे जाऊ.

तो मुका डब्ल्यू आठवतोय? आता तिकडे वळू.

या भागाला वेंडलांड म्हणतात, कारण इथे वेंड लोक राहायचे. जर्मन लोक आपल्या शेजारच्या स्लाव लोकांना वेंड म्हणत. स्लाव म्हणजे पोलिश, झेक, रशियन, त्या कुळातले. एल्बच्या दोन्ही काठांवर हे लोक बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीपासून होते. एल्बला स्लाव भाषांत लाबे म्हणतात, आणि लाबेच्या काठचे ते पोलाबियन. त्यांच्या भाषेलाही पोलाबियनच म्हणतात. गावांच्या नावांच्या शेवटचं ते 'ओ' आणि 'इट्झ' ही त्याच भाषेची खूण. ल्यूशो, गार्टो, डोल्गो. आपल्याकडे 'वाडी' किंवा 'गाव' लागलं की जसं कळतं, तसं.

हळूहळू जर्मन सरदार, जर्मन चर्च, जर्मन कोर्ट आलं. आजूबाजूची सगळी पोलाबियन गावं जर्मन बोलायला लागली. फक्त या कोपऱ्यात, जिथे रस्तेही धड नव्हते, ही भाषा सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंत टिकली. आणि मग ती घराघरांतून गेली. कशी गेली हे आपल्याला माहीत आहे, कारण दोन माणसांनी लिहून ठेवलं.

पहिला, क्रिस्टियान हेनिग. वुस्ट्रोचा पाद्री. बाहेरून आलेला जर्मन. त्याच्या लक्षात आलं की म्हातारी माणसं आपसांत काहीतरी वेगळं बोलतात, आणि तरुण पोरं त्यांची टिंगल करतात. त्याने शब्द जमवायला सुरुवात केली. पहिला सगळा संग्रह आगीत जळाला. मी असते तर सोडून दिलं असतं. त्याने पुन्हा सुरू केलं. क्लेनो गावचा योहान यानिश्गे नावाचा शेतकरी त्याला शब्द सांगायचा आणि हा उतरवून घ्यायचा. त्याच काळात हनोव्हरच्या दरबारात लाइब्नित्स होता. हो, तोच गणितवाला, कॅल्क्युलसवाला. त्यालाही या भाषेचं कुतूहल होतं, आणि त्याने ल्यूशोहून तिची माहिती मागवली होती. म्हणजे बघा, शेताच्या बांधावर बोलले जाणारे शब्द तेव्हा युरोपातल्या सगळ्यात हुशार माणसाच्या टेबलावर पोचले होते. गावातल्या पोरांना मात्र त्यांची लाज वाटत होती.

दुसरा माणूस मला जास्त आवडतो. योहान पारुम शुल्ट्से. स्यूटन गावचा शेतकरी आणि खानावळवाला. पाद्री नाही, प्रोफेसर नाही. त्याने 1725 च्या सुमारास आपल्या गावाच्या गोष्टी लिहून काढल्या, आणि त्यातच आपल्या भाषेतले शब्दही. त्यात त्याने एक नोंद केली आहे, जी वाचून मी दोन दिवस गप्प होते. त्याचा आशय असा: आता गावात माझ्यासकट तीन-चार माणसंच ही भाषा जाणतात, आम्ही गेल्यावर कुत्र्याला आमच्या भाषेत काय म्हणतात हे कुणालाच नीट सांगता येणार नाही.

कुत्रा. त्याने देव नाही म्हटलं, राजा नाही, आई नाही. अंगणातला कुत्रा.

1756 मध्ये डोल्गो गावात एमेरेन्त्स शुल्ट्से नावाची 88 वर्षांची बाई वारली, आणि ही भाषा नीट येणारी ती शेवटची असं मानलं जातं. पोलाबियन आपल्याला अगदीच परकी नाही बरं का. मराठी आणि ती, दोन्ही एकाच मोठ्या भाषाकुळातल्या, फार लांबच्या चुलत बहिणी. त्यांच्याकडे पाचाला 'पांत'सारखं काहीतरी म्हणायचे, आणि दहाला 'दिसांत'सारखं. पाच. दश. हे वाचलं तेव्हा मी ट्रेनमध्ये एकटीच हसले, समोरच्या आजोबांनी पेपर खाली करून पाहिलं.

त्या लोकांची भाषा गेली, पण गावाचा आकार राहिला. वेंडलांडमध्ये शंभराच्या आसपास गोल गावं आहेत. जर्मन नाव रुंडलिंग. मध्ये मोकळं पटांगण, त्याच्याभोवती मोठमोठी लाकडी चौकटीची घरं, सगळ्यांची तोंडं पटांगणाकडे. मागे प्रत्येकाची शेती, वरून पाहिलं तर कापलेल्या केकसारखी. गावात शिरायला मूळचा रस्ता एकच. त्याच रस्त्याने आत, त्याच रस्त्याने बाहेर. ही रचना नेमकी का झाली यावर अभ्यासकांचे वाद आहेत. कुणी म्हणतं संरक्षणासाठी, कुणी म्हणतं गुरं मध्ये ठेवायला. आज बहुतेक जण असं मानतात की बाराव्या शतकात जर्मन सरदारांनी स्लाव कुटुंबांना ठरवून असं वसवलं. ल्यूबेल्न गावात याचं छान खुलं संग्रहालय आहे. माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली, मधून बैलगाडी आत जाईल एवढा दरवाजा, आणि दरवाजावरच्या तुळईवर घर बांधणाऱ्या नवरा-बायकोची नावं कोरलेली. दोघांचीही नावं, हे मला आवडलं. ही घरं एवढी ऐसपैस झाली ती तागाच्या कापडामुळे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला इथे घरोघरी जवसाच्या तागाचं कापड विणलं जायचं, बाहेर विकलं जायचं, त्यात पैसा होता. मग गिरण्यांचं सूत आलं आणि पैसा गेला. पैसा गेल्यामुळे नवी घरं बांधली गेली नाहीत, आणि म्हणून जुनी उरली. गरिबीने जपलेला वारसा. फोटो काढताना हे लक्षात राहत नाही.

आता विसाव्या शतकात येऊ. 1945. युद्ध संपलं, जर्मनीचे तुकडे झाले, आणि ल्यूशो-डानेनबेर्ग ब्रिटिशांच्या वाट्याला आला. नकाशा डोळ्यांसमोर आणा: पश्चिम जर्मनीचं एक नाक पूर्व जर्मनीत घुसलेलं आहे, आणि ते नाक म्हणजे हा जिल्हा. उत्तरेला, पूर्वेला, दक्षिणेला, तिन्ही बाजूंनी साम्यवादी पूर्व जर्मनी. तारेचं कुंपण, पहारे, सुरुंग. फक्त पश्चिमेला दार उघडं. एका रस्त्याने आत, त्याच रस्त्याने बाहेर. अख्खा जिल्हाच एक रुंडलिंग झाला म्हणा ना.

एल्बवर ड्योमिट्झ गावाजवळ 1873 पासून एक रेल्वेपूल होता, जवळजवळ एक किलोमीटर लांब. एप्रिल 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात तो तुटला. पुढे पूर्वेकडच्यांनी आपला भाग काढून टाकला, पश्चिमेकडचा तसाच राहिला. आजही कमानींमागून कमानी शेतातून नदीकडे चालत जातात आणि काठावर येऊन थांबतात. रस्त्याचा पूलही तेव्हाच गेला. तो नव्याने बांधून सुरू झाला डिसेंबर 1992 मध्ये. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं समोरच्या काठावरचं गाव दिसत होतं, पण जाता येत नव्हतं. सीमा नदीच्या मध्यातून की पलीकडच्या काठावरून, यावरही भांडण. 1966 मध्ये गोर्लेबेन गावासमोर नदीची मोजणी करणाऱ्या पश्चिम जर्मन बोटीवरून दोन्ही बाजूंच्या बोटी समोरासमोर आल्या, काठावर ब्रिटिश सैनिक तैनात झाले. गोळी सुटली नाही, नशीब.

अशा ठिकाणी कारखाना कोण काढणार? तरुण लोक निघून गेले. रेल्वेच्या जुन्या फाट्या एकेक करून बंद पडल्या. घरं स्वस्त झाली, आणि साठ-सत्तरच्या दशकात हँबर्ग-बर्लिनचे चित्रकार, लेखक येऊन ती घ्यायला लागले. शेतकरी त्यांच्याकडे संशयाने बघायचे. लांब केसवाले शहरी लोक! दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं.

आणि मग 22 फेब्रुवारी 1977 आला.

राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेख्ट यांनी जाहीर केलं की देशाचं अणुकेंद्र गोर्लेबेनला होणार. हे आल्ब्रेख्ट म्हणजे युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेअर लायन यांचे वडील. गोर्लेबेनमध्ये वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा मोठा प्रकल्प होणार, आणि जमिनीखालच्या मिठाच्या प्रचंड थरात देशाचा सगळा अणुकचरा कायमचा पुरला जाणार. मीठ का? कारण खडीमीठ कोरडं असतं आणि दाबाखाली हळूहळू सरकत राहतं, भेगा आपोआप बुजतात. कल्पना चुकीची नव्हती. पण लोकांनी विचारलं, मीठ तर उत्तर जर्मनीत ठिकठिकाणी आहे, मग आमचंच का? उत्तर नकाशातच होतं. माणसं कमी, मतं कमी, आणि वारा सुटला तर तो पूर्व जर्मनीकडे.

त्या लांब केसवाल्यांची आणि शेतकऱ्यांची मैत्री झाली ती तेव्हा. मार्च 1979 मध्ये शेकडो ट्रॅक्टर राजधानी हनोव्हरच्या दिशेने निघाले. आठवडाभराचा प्रवास. आपल्याकडे शेतकऱ्यांचा नाशिक ते मुंबई पायी मोर्चा निघाला होता ना, तसं चित्र डोळ्यांसमोर आणा, फक्त ट्रॅक्टरवर आणि मार्चच्या थंडीत. ट्रॅक्टर वाटेत असतानाच, 28 मार्चला, अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अणुअपघात झाला. 31 मार्चला हनोव्हरमध्ये सुमारे एक लाख लोक जमले. जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या दुप्पट! दोन महिन्यांत आल्ब्रेख्ट यांनी पुनर्प्रक्रिया प्रकल्प मागे घेतला. मिठाचं काम मात्र चालू राहिलं.

1980 मध्ये आंदोलकांनी गोर्लेबेनच्या जंगलात, ड्रिलिंगच्या जागेवर, लाकडी झोपड्यांचं गाव वसवलं आणि त्याला नाव दिलं 'स्वतंत्र वेंडलांड प्रजासत्ताक'. हिरव्या झेंड्यावर नारिंगी सूर्य. स्वतःचा रेडिओ. स्वतःचा पासपोर्टसुद्धा! त्या वेळी पक्षाच्या युवक संघटनेचा नेता असलेला गेऱ्हार्ड श्र्योडर तिथे येऊन गेला. तोच पुढे जर्मनीचा चान्सलर झाला. 33 दिवस हे प्रजासत्ताक टिकलं. 4 जूनला हजारो पोलिसांनी ते उठवलं. आंदोलक बसून राहिले, एकेकाला उचलून नेलं.

त्यानंतर 1995 ते 2011 या काळात तेरा वेळा अणुकचऱ्याच्या गाड्या आल्या. या कचऱ्याच्या पिंपांना कास्टोर म्हणतात. रेल्वेने डानेनबेर्गपर्यंत, तिथे ट्रकवर चढवायचे, आणि शेवटचे वीसेक किलोमीटर रस्त्याने गोर्लेबेनला. प्रत्येक वेळी लोक रुळांवर बसायचे, ट्रॅक्टर आडवे लावायचे. 2010 मध्ये तर कुणीतरी शेळ्या-मेंढ्यांचा अख्खा कळपच पोलिसांसमोर रस्त्यावर आणला. ती पिवळी फुली म्हणजे याच दिवसांची खूण, गाडी येण्याच्या 'एक्स दिवसाची'. आजही कोठारांच्या दारांवर, कुंपणांवर ती दिसते.

आता तुम्ही म्हणाल, हिला याचं एवढं काय? तर सांगते. कास्टोरमधला बराचसा कचरा येत होता फ्रान्समधल्या ला आग इथून. जर्मनीचं वापरलेलं इंधन तिथे जायचं, त्यावर प्रक्रिया व्हायची, आणि उरलेला जहाल भाग काचेत गोठवून परत यायचा. तो कारखाना तेव्हा आरेव्हा ही फ्रेंच कंपनी चालवायची. जैतापूरच्या प्रकल्पासाठी आपल्याकडे 2010 मध्ये जिच्याशी करार झाला होता, ती हीच. पुढे ते काम ईडीएफ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेलं. सहा रिअॅक्टर, 9,900 मेगावॅट, अजून उभे राहिलेले नाहीत. माझं आजोळ राजापूर तालुक्यात. मामाची जमीन त्यात गेली नाही, पण सभांना तो जायचा, दोन्ही बाजूंच्या. कधी याच्या बाजूने बोलायचा, कधी त्याच्या, आमच्या घरात यावर जेवताना भांडणं झालेली आहेत. मी गोर्लेबेनहून त्याला फोटो पाठवले. पिवळी फुली, जंगल, भिंत. त्याचा फोन आला.

"अगो, तिथं एवढं सगळं झालं, मग शेवटी काय झालं त्याचं?"

मी सांगितलं. 840 मीटर खोल खाण खणली. वर्षानुवर्षं तपासणी केली. 2013 मध्ये संसदेने कायदा केला, की कोऱ्या पाटीने पूर्ण देशात पुन्हा शोधायचं. सप्टेंबर 2020 मध्ये पहिला अहवाल आला, देशातले 90 भाग योग्य असू शकतात असं त्यात होतं, आणि गोर्लेबेन त्या यादीत नव्हतं. भूगर्भीय कारणांवरून बाद. मिठाच्या वर मातीचा जो सलग थर हवा, तो हिमयुगातल्या एका खोल घळीने तिथे खरवडून नेलेला आहे. हे आक्षेप काही शास्त्रज्ञ सुरुवातीच्या काळापासूनच घेत होते. आता खाणीतून काढलेलं मीठ परत खाली भरणं चालू आहे.

मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे जिंकले."

"हो, जिंकले."

"आणि तेरा वेळा जो कचरा आणला तो? तो कुठं नेला?"

कुठेही नेला नाही. तेव्हा मी त्या भिंतीच्या बाहेरच उभी होते. पाइनचं जंगल, तारेचं कुंपण, आत एक लांबट, बिनखिडक्यांसारखी करडी इमारत. एखाद्या एमआयडीसीतलं गोडाऊन वाटावं अशी. त्यात 113 कास्टोर उभे आहेत, ओळीने. जमिनीखाली नाही, जमिनीवर. ही साठवण तात्पुरती आहे, परवाना 2034 पर्यंतचा. आणि नवी कायमची जागा 2034 पर्यंत तयार होणार नाही, हे सरकारही मान्य करतं. ज्या जागेची नवी निवड होईल तिथे खाण, मग वाहतूक. यात दशकं जातील. तोवर ते तिथेच.

मी मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग बघणार कोण त्याच्याकडे? तुझ्या त्या जिल्ह्यात तर माणसंच नाहीत."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण त्याच संध्याकाळी ल्यूशोला परतताना माझी शेवटची बस चुकली. पुढची दुसऱ्या दिवशी सकाळी. रस्त्याकडेला उभी होते तर एक डीएएन गाडी थांबली. साठीतल्या बाई, मागे दोन कुत्रे. त्यांनी मला स्टेशनपर्यंत, म्हणजे डानेनबेर्गपर्यंत सोडलं, वाकडी वाट करून. बोलताना कळलं, 1980 साली त्या जंगलातल्या झोपड्यांत होत्या, हँबर्गहून आलेल्या शहरी पोरींपैकी एक, आणि मग परत गेल्याच नाहीत. एका शेतकऱ्याशी लग्न केलं. मी विचारलं, अजूनही त्या भिंतीपाशी जाता? म्हणाल्या, दर रविवारी काही लोक जमतात तिथे, कधी दहा, कधी पाच. चालतात, गप्पा मारतात, घरी येतात. पावसातसुद्धा.

उतरताना मी त्यांना पारुम शुल्ट्सेबद्दल विचारलं. त्यांना माहीत होता. मग मी कुत्र्यांकडे बोट दाखवून विचारलं, यांना वेंडी भाषेत काय म्हणतात?

त्या हसल्या. "घरी पुस्तक आहे," म्हणाल्या, "बघून सांगते," आणि माझा नंबर घेतला.

मेसेज अजून आलेला नाही. आला की पुढच्या एपिसोडमध्ये सांगेन. तोपर्यंत तुमच्या गावात, तुमच्या आजीच्या तोंडी असलेला आणि तुम्हाला न येणारा एखादा शब्द असेल, तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा. लिहून नको, तिच्याच आवाजात. चला, भेटू.